क्विक म्हणजे जिवंत

१२ जानेवारी

चहा निवला तरी हे उठले नाहीत. टेबलावर डोकं टेकून बसलेले, कोशाच्या कार्डांवर गाल. डुलकी लागली असेल म्हणून मी कपड्यांच्या घड्या करत राहिले. मग खांद्याला हात लावला तर अख्खा माणूस माझ्या अंगावर कलंडला.

मेंदूच्या मुळाशी रक्त अडलंय, डॉक्टर म्हणाले. श्वासाचं मशीन लावलंय. मुलगा आणि सूनबाई संध्याकाळी पोचले. आत एका वेळी एकालाच सोडतात, तेही थोडा वेळ. मला घरी पाठवून दिलं.

टेबल जसंच्या तसं आहे. गालाखालचं कार्ड ओलसर. वर एकच शब्द, ह्यांच्या कोरीव अक्षरात— क्विक. पुढे कोरं.

१३ जानेवारी

शुद्ध नाही.

१६ जानेवारी

शुद्ध नाही. मोठे डॉक्टर उभ्याउभ्या बोलतात, एक पाय दाराकडे. "वाट बघू या, काकू."

प्रकाशकाचा फोन आला. आधी हळहळले. मग घसा खाकरून, "क्यू अक्षर संपत आलं होतं ना?" ह्यांचं आणि त्यांचं गेल्याच आठवड्यात जोरात वाजलं होतं. प्रकाशकांना मुलांच्या दप्तरात मावेल असा इंग्रजी-मराठी कोश हवाय. शब्द, अर्थ, चला पुढे. 'क्विक— जलद, लवकर.' बस्स. ह्यांना मात्र प्रत्येक शब्दाची जन्मकथा हवी. शब्द कुठून आला, कोणाकडे राहिला, कसा बिघडला. "जलद हा त्याचा शेवटचा अर्थ आहे हो, पहिला नव्हे," असं फोनवर एवढ्या मोठ्याने म्हणत होते की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मी आतून म्हटलं, रक्तदाब वाढेल. "वाढू दे," म्हणाले.

वाढला.

१९ जानेवारी

आज आत जास्त वेळ बसू दिलं. तोंडात नळी, नाकात नळी, हाताला सुया. दाढी वाढलीय. हे रोज गुळगुळीत दाढी करणारे. मशीन छाती वर करतं, खाली करतं. बघता बघता माझाही श्वास त्याच्याच तालावर चालायला लागला.

सिस्टर म्हणाली, "बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येत असेल तर बरं वाटेल."

काय बोलू? इतक्या वर्षांच्या संसारात जे जमलं नाही ते आता कसं जमेल? मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये. दिवसभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि घरी येऊन गप्प बसायची, कारण हे कार्ड लिहीत असायचे. कपाट भरलं, पलंगाखालच्या पेट्या भरल्या, मुलाचा पाळणा मोडीत काढला त्या जागीही पेट्याच आल्या. एकदा चिडून म्हटलं होतं, जिवंत माणसाशीही बोलावं कधीतरी. वर न बघता म्हणाले, "कधीतरी म्हणजे नक्की कधी?" थट्टा होती की खरंच विचारत होते, मला आजवर कळलेलं नाही.

आज ह्यांना एवढंच सांगितलं की नळाचं वॉशर बदलून घेतलं.

२३ जानेवारी

डोळे उघडले!

मी सिस्टरचा हातच धरला. मुलगा धावत आला. मोठ्या डॉक्टरांनी बॅटरी मारली, पायाला टोचलं, छातीवर बोटाने दाबलं. काहीच हललं नाही. बाहेर आणून म्हणाले, "डोळे उघडणं वेगळं आणि जाग येणं वेगळं, काकू. शरीर डोळे उघडतं, मिटतं. पण आत कोणी आहे असं दिसत नाही."

आत कोणी नाही. भाड्याच्या घराबद्दल बोलतात तसं.

२७ जानेवारी

बोलायला काही सुचत नाही म्हणून कार्डांची पेटी पिशवीत घालून नेली. पक्कं कार्ड कोरं असलं तरी त्याच्यामागे कच्च्या कार्डांची गड्डी आहे, सगळी याच एका शब्दाची. वाचत बसले. हलक्या आवाजात, पलीकडच्या पेशंटला त्रास नको.

पहिलं कार्ड. क्विक म्हणजे जिवंत. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक जिवंत माणसाला, जिवंत गुराला, जिवंत झाडाला हाच शब्द वापरत. मेलेले एकीकडे आणि 'क्विक' दुसरीकडे. खाली लाल शाईत— आपला 'जीव' आणि हा 'क्विक' एकाच मुळाचे. फार मागे गेलं तर दोघांची आजी एक.

हे माहीत होतं मला. मागच्या पावसाळ्यात चहा पिताना ह्यांनी स्वतःहून विषय काढला होता. चक्क. "जीव घेऊन किती बोलतो आपण, सांग बघू." मी सांगत गेले— जीव टांगणीला लागणे, जीव भांड्यात पडणे, जीव लावणे, जीव खाणे, जीव वर-खाली होणे. हे भराभर लिहीत होते. मग पेन ठेवून म्हणाले, "बघ, आपला जीव कुठेकुठे गेला, पण जलद काही झाला नाही." मी म्हटलं, "जीव घेऊन पळतात की." हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. पुरते हसले, दात दिसेपर्यंत. ते वाक्यही कार्डावर आहे. बाजूला कंसात— सौ.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. हे छताकडे बघत होते.

३१ जानेवारी

पारा म्हणजे क्विकसिल्व्हर, जिवंत चांदी. हातात घेतली की पळते म्हणून. पाणी टाकलं की फसफसतो तो कळीचा चुना, तोही जिवंत. माणसाला गिळते ती वाळूही जिवंत. आणि नखाखालचं कोवळं मांस, कापलं की जीव कळवळतो ते, त्यालाही क्विकच. पुढे ह्यांनी लिहिलंय— 'म्हणजे आपली जिव्हाळी. हुबेहूब. भाषांतर करायची गरजच नाही.' खाली दोन रेघा मारल्यात. खूश झाले की दोन रेघा मारायचे.

नखं वाढली होती ह्यांची. सिस्टरने कापायला कातरी दिली. फार जपून कापली.

३ फेब्रुवारी

आजचं कार्ड वाचवलं नाही. बाहेर बाकावर बसून मनातल्या मनात वाचलं.

पोटातलं मूल पहिल्यांदा हललं की ते 'क्विक' झालं असं म्हणत. फाशीची शिक्षा झालेली बाई पोटुशी असली तर बायकांची पंचायत बसवत. पोटाला हात लावून त्या सांगायच्या, मूल क्विक आहे की नाही. असलं तर फाशी पुढे ढकलायची. नसलं तर नाही. काही बायका खोटं सांगून वाचवत असत म्हणे.

कार्डाच्या कोपऱ्यात— 'मराठीत? हिला विचारणे.' विचारलं होतं ह्यांनी, फार वर्षांपूर्वी. मी सांगितलं होतं, फिरणं. बाळ फिरायला लागलं, म्हणतो आपण. आमचं दुसरं फिरता फिरता थांबलं होतं. विचारताना ह्यांना ते आठवलं की नाही, कोण जाणे. त्या बाळाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

५ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांनी आम्हां तिघांना खोलीत बसवलं. यावेळी तेही बसले, म्हणजे वाईट बातमी.

नळी तोंडात फार दिवस ठेवता येत नाही. एक तर गळ्याला छेद देऊन तिथून कायमची बसवायची, मग असेच महिने, कदाचित वर्षं. नाहीतर यापुढे काही वाढवायचं नाही, त्रास होणार नाही एवढं बघायचं. "सुधारणा होईल असं मी सांगू शकत नाही. तुम्ही घरच्यांनी ठरवा."

मुलगा पुलांची तपासणी करतो. तडा किती खोल गेलाय हे ठोकून बघणारा माणूस. आज त्याचे हात मांडीवर नुसते पडले होते. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, बाबांना दुसऱ्याने दाढी केलेली चालायची नाही. अंगठ्याला लागलं तरी पट्टी स्वतः बांधायचे. त्यांना असं ठेवायचं?"

मी म्हटलं, "अजून डोळे उघडे आहेत रे."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

सूनबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला म्हणाली, "आई, आज नको ठरवायला. दोन घास खा आधी."

८ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवायला हवं.

आज थकले होते. कार्डं खालीवर झाली होती आणि चष्मा घरी राहिला होता. अंदाजाने वाचलं— "क्विक. मूळ अर्थ, जलद." ह्यांनी डोळे मिटले. घट्ट, कपाळाला आठी पडेल असे. मग उघडले. मी पुन्हा वाचलं, "मूळ अर्थ, जलद." पुन्हा घट्ट मिटले.

हे तोंड मी ओळखते. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले की हे असेच डोळे मिटून घ्यायचे. जसं काही कोणी पायावर पाय दिला.

मग मुद्दाम वाचलं, "मूळ अर्थ, जिवंत." डोळे उघडेच. शांत. "पारा म्हणजे जिवंत लोखंड." मिटले. "जिवंत चांदी." उघडे.

आत आहेत. आतच आहेत हे.

९ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, नाही असं नाही. वाकून म्हणाले, "डोळे मिटा." काही नाही. "मिटा डोळे." काही नाही. हे झोपाळलेले होते. सकाळीच कसलं तरी औषध दिलेलं. मी कार्ड वाचायला घेतलं, "मूळ अर्थ जलद", माझाच आवाज मला खुळ्यासारखा वाटला. हे छताकडे बघत राहिले.

"नातेवाइकांना असं दिसतं, काकू. त्यात तुमचा दोष नाही. पापण्या आपोआप लवतात."

मुलाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. लहानपणी मी त्याला दुकानातून आणायची तसं.

११ फेब्रुवारी

घरात पहिल्यांदाच मोठं भांडण. सूनबाई स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिली, एकच जागा.

मुलगा म्हणाला, "तुला ते हवेत म्हणून तुला दिसतंय." मी म्हटलं, "तुला सुटका हवी म्हणून तुला दिसत नाही." तोंडातून गेलं. तो अगदी हळू म्हणाला, "हो, हवीय सुटका. त्यांची. तुला काय वाटतं, मला बाप नकोय?"

दोघंही रडलो. पण मी हटले नाही. गळ्याच्या छेदाच्या कागदावर मी सही केली. माझी एकटीची.

१४ फेब्रुवारी

छेद दिला. व्यवस्थित झालं म्हणाले. तोंड मोकळं झालं ह्यांचं. ओठांच्या कडा सोलल्यात. किती दिवसांनी सगळा चेहरा दिसला.

१५ फेब्रुवारी

ताप.

१८ फेब्रुवारी

ताप. छातीत कफ. गळ्यातल्या नळीतून यंत्राने ओढून काढतात तेव्हा सगळं अंग लाल होतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. आवाज मात्र येत नाही. बघवेना म्हणून मुलगा बाहेर गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

२६ फेब्रुवारी

ताप उतरला.

नवीन छोट्या डॉक्टरीणबाई आल्यात या वॉर्डात. केस आखूड, चप्पल फटक फटक वाजते. मी आता कोणाला काही सांगायचं सोडून दिलंय, पण त्यांनीच विचारलं, "रोज काय वाचता?" सांगितलं. कार्डंही दाखवली आणि डोळे मिटण्याचंही सांगितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "औषधाची गुंगी नसेल अशा वेळी मी येते. पण नीट तपासू. तुम्ही बाहेर थांबायचं. नाहीतर कोणी म्हणेल तुमच्या आवाजामुळे."

२८ फेब्रुवारी

बाहेर बाकावर बसले होते. मुलगा शेजारी, मधे पिशवी.

त्या खूप वेळाने बाहेर आल्या. सरळ मुलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "वर बघा म्हटलं की वर बघतात. मिटा म्हटलं की मिटतात. बाकी शरीराची वाट बंद झालीय, तेवढी एकच उघडी राहिलीय. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. ऐकतात, समजतात. कदाचित पहिल्यापासून."

मुलाने विचारलं, "पहिल्यापासून म्हणजे?"

"डोळे उघडले तेव्हापासून. किंवा त्याच्याही आधीपासून."

तो उठून आत गेला. काचेतून दिसत होता. ह्यांच्या पावलांपाशी वाकून, चादरीवर डोकं ठेवून. किती तरी वेळ.

मोठे डॉक्टर नंतर आले. "माझी चूक झाली," म्हणाले. उभ्याउभ्याच, पण यावेळी पाय दाराकडे नव्हता.

१ मार्च

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. आज पोटभर जेवले.

४ मार्च

नियम ठरला. वर बघितलं तर हो. मिटले तर नाही.

दुखतंय का? हो. पाठ? नाही. मान? नाही. खांदा? हो. उशी सरकवली. आता? नाही. किती साधं. आणि इतके दिवस तो खांदा तसाच दुखत असेल.

मी ओळखू येते का, असं विचारलं. डोळे मिटले. मी गारठले. मग लगेच वर बघितलं. पुन्हा मिटले, पुन्हा वर. थट्टा करत होते. सिस्टरला सांगितलं तर ती हसून हसून बेजार.

११ मार्च

कोरं कार्ड घेऊन बसले. म्हटलं, "पूर्ण करायचं?" लगेच वर.

मी एकेक अर्थ वाचते, हे हो-नाही करतात. क्रमाची फार कटकट. मी 'चपळ' आधी घेतलं तर मिटले. 'हालता-चालता' आधी? वर. तसंच लिहिलं. दोन वाक्यांतच थकतात, मग उद्या.

प्रकाशकांना कळवलं. म्हणाले, "अरे वा! पण काकू, दोन ओळींच्या वर जागा नाही हं."

१९ मार्च

कार्ड झालं. माझ्या अक्षरात, ह्यांच्या डोळ्यांनी. इथे उतरवून ठेवते.

'क्विक. मूळ अर्थ, जिवंत. जिवंत ते हालतं, म्हणून पुढे हालता-चालता. हालणारा चांगला हालतो, म्हणून चपळ. चपळ तो लवकर पोचतो, म्हणून जलद. सुमारे सातशे वर्षांपूर्वी हा शेवटचा अर्थ रुजू लागला आणि सावकाश बाकीच्यांना बाहेर काढत गेला. जीव गळून पडला, घाई राहिली. जुना अर्थ आता नखाखाली, पाऱ्यात आणि आईच्या पोटात तेवढा उरला आहे.'

शेवटची दोन वाक्यं ह्यांच्या कच्च्या कार्डावरचीच. वाचून दाखवली. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग वर बघितलं.

मला राहून राहून वाटत होतं, याच्या नेमकं उलट माणूस समोर पडलाय. हालणं सगळं गेलं, जीव तेवढा राहिला. पण हे मी बोलले नाही. ह्यांना अलंकार आवडत नाहीत.

२१ मार्च

प्रकाशक स्वतः येऊन कार्ड घेऊन गेले. पलंगापाशी उभं राहवेना त्यांना. "पहिला अर्थ 'जिवंत' असाच छापतो," म्हणाले. "पुढे 'जुना' असं घालावं लागेल." ह्यांनी वर बघितलं. चालेल.

२४ मार्च

सूनबाई शाळेत चित्रकला शिकवते. तिने पाटी करून आणली— मोठाली अक्षरं, ओळीओळीने. क ची ओळ, च ची ओळ, अशी. कडेला काना, मात्रा, वेलांट्या. आधी ओळ विचारायची, मग अक्षर, मग काना-मात्रा. आता हो-नाहीच्या पलीकडचं बोलता येईल. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही बोला. आम्ही फार बोललो." पलंगापाशी बोललेलं मागचं सगळं त्यांनी ऐकलंय, हे त्याच्या मनातून जात नाही.

आज नुसती ओळख झाली पाटीशी. हे दमले.

२५ मार्च

मुलगा चहा आणायला खाली गेला होता. सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे. मी एका हातात ह्यांचा हात धरला, दुसऱ्या हातात पाटी. म्हटलं, सांगा. काय हवं ते सांगा.

बराच वेळ लागला. मधेच डोळे मिटायचे, मग मी पुन्हा पहिल्या ओळीपासून.

मुलगा आला, दोन कप घेऊन. "काही म्हणाले?"

"हो."

"काय?"

"पाणी," मी म्हटलं.

कप तसेच खिडकीत ठेवून तो सिस्टरला बोलवायला पळाला. मग छोट्या डॉक्टरीणबाई आल्या, मोठे डॉक्टर आले. पहिला शब्द! मुलगा सगळ्यांना सांगत होता, "पाणी म्हणाले, पाणी." गिळता येत नाही म्हणून प्यायला देता येणार नाही, पण कापसाचा बोळा ओला करून सिस्टरने ओठांवरून फिरवला. मुलाने तिच्या हातातून घेऊन स्वतः फिरवला, पुन्हा पुन्हा. सूनबाईला फोन केला. रडत होता आणि हसत होता.

ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. "दमले असतील," सिस्टर म्हणाली.

२६ मार्च

पाणी नव्हतं ते. प च्या ओळीला डोळे हललेच नाहीत. स ला वर बघितलं. मग काना-मात्रेला. मग ड ला.

सोड.

हात सोड म्हणाले असतील, मी घट्ट धरला होता, असं स्वतःला समजावलं. आज हात पदराखाली ठेवून बसले. पाटी सिस्टरला धरायला दिली.

तेच.